लाभ, दोन, तीन

पौषात वसमतला सहालाच दिवस आटोपतो.
मी झेरॉक्सच्या दुकानातून सुटते सव्वासहाला,
बोटांना शाईचा वास,
आणि नांदेडच्या कोचचा फोनवर एकच हेका :
दोन तास. न थांबता. रोज.
कुठं, ते तो सांगत नाही.
नांदेडला रस्त्यांवर दिवे असतात.

आधी नांदेड रोडच करून पाहिला.
कारखान्याचं गाळप सुरू,
दोन-दोन ट्रॉल्या ओढत जाणारे ट्रॅक्टर,
पुढं मोठ्यानं गाणी, मागं काहीच नाही,
ना दिवा, ना लाल कागद,
अंधारातच थोडा जास्त काळा एक तुकडा
आणि तो अचानक अगदी जवळ.
एका संध्याकाळी बाहेर आलेलं टिपरू
गालाला घासून गेलं.
घरी सांगितलं, बाभळीचा काटा लागला.

मग कॅनॉलची वाट.
तिथं गाड्या नाहीत, हे खरं.
पण मोटार चालू करायला आलेली माणसं
बॅटरी थेट तोंडावर मारतात
आणि ओळख पटली तरी
बंद करत नाहीत.
कुत्र्यांचं मी समजू शकते.

कॉलेजच्या ग्राउंडला सहाला साखळी.
शिपाई म्हणाला, साहेबांची सही आणा.
साहेब म्हणाले, शिपायाची हरकत नाही ना, विचारा.
असे आठ दिवस गेले.
घरात मागचं चाक स्टँडवर उचलून
जागच्या जागी नांदेडला जाऊन आले,
तर भावाची दहावी,
आणि खालून घरमालकीणबाई :
गिरणी टाकली का गं वर?

मोंढा आईनं सुचवला.
ती तिथं दिवसभर सोयाबीन चाळते.
म्हणाली, खांबावर मोठा दिवा हाय,
आन् माणसं वळखीची हायेत,
वाईट बोलली तर मला नावं माहीत हायेत.

लिलावाच्या ओट्याभोवती सिमेंटचा रस्ता,
एक फेरा माझी सहाशे पावलं.
पहिलं वळण हळदीचं,
दुसरं पेंडीच्या गोदामाचं,
तिसरं मुतारीचं, तिथं श्वास धरायचा,
चौथ्यावर मोठा काटा.
पहिल्याच दिवशी सांडलेल्या सोयाबीनवर
चाक असं सरकलं की कोपर सोलून निघालं.
हमाल हसले. मीही हसले, उशिरा.
दुसऱ्या दिवशी काट्याचं वळण
कुणीतरी झाडून ठेवलं होतं.
बाकीची तीन नाही.

पोत्यांच्या थप्पीवर धुराजीमामा बसायचा,
पाठीवरचं गोणपाट पांघरून.
कामून फिरायलीस गं गोल गोल, म्हणाला,
घाण्याला जुंपलं का कुणी?
म्हटलं, शर्यत आहे. पण तिसाच्या पुढं
फेऱ्यांची मोजणी चुकते माझी.
मोजणी माझ्याकडं, म्हणाला.

आणि मी काट्यापाशी आले की वरून आवाज :
लाभ.
पुढच्या फेऱ्याला, दोन.
मग तीन.
एक का नाही म्हणत, मामा?
पहिल्या मापाला एक म्हणायचं नसतं.
एक म्हणलं की ते एकटं पडतंय.

मंगळवारी अठ्ठावीस झाले आणि वीज गेली.
सगळा मोंढा एकदम पुसला.
बोटं ब्रेकवर गेली
आणि तेवढ्यात नाकात हळद आली,
म्हणजे डावीकडं.
मग पेंड, आंबूस, म्हणजे अजून डावीकडं.
मग श्वास धरला.
वरून, जराही घाई नसलेलं : एकोणतीस.
कुणी कुठं बसलंय
ते विड्यांच्या टोकांवरून कळत होतं.
त्यातली एकही माझ्याकडं वळत नव्हती.
तीस. एकतीस.
रस्ता पायांत उतरला होता,
हँडल मी नुसतं धरून होते.

चौतिसाव्याला दिवा आला.
डोळे दिपले,
हळदीच्या वळणावर दाण्यांवरून चाक गेलं
आणि मी पुन्हा त्याच कोपरावर.

कुणी धावलं नाही.
चेन पडली होती, ती बसवली,
हात पँटला पुसले.
वरून धुराजीमामा म्हणाला,
उजेडात चुकायलीस की गं.
मग खाकरला,
गोणपाट नीट केलं
आणि मी काट्यापाशी पोचायची वाट पाहिली.
लाभ.