रात्रपाळीचं वाचन

खानापूरच्या सरकारी दवाखान्यात
शवागाराला लागून एक खोली आहे.
खोली कसली, सलाइनच्या रिकाम्या खोक्यांचं गोदाम.
त्यात एक टेबल, दोन खुर्च्या,
एकीला पाय तीनच, चौथ्याच्या जागी विटा.
तिथं बसून मी रात्रपाळीला भुतांच्या गोष्टी वाचतो.
हसायच्या भुतांच्या.
दुसऱ्या भुतांचा मला कंटाळा आहे.
नुसतंच दार करकरतं, वारा सुटतो, कुत्रं रडतं.
आमच्याकडं हे सगळं रोज असतं, पगारात धरून.

मला आवडतं ते भूत
ज्याच्या पायात मेल्यावरही गोळे येतात.
मला आवडते ती हडळ,
जी झोकात पिंपळावर चढते
आणि उतरताना तिला चक्कर येते,
मग खालून जाणाऱ्यालाच म्हणते,
बाबा, हात दे जरा.
तो देतो.
हात तिच्याकडंच राहतो.

इथं मी खो खो हसतो
आणि मग हळूच
स्वतःचे दोन्ही हात मोजतो.
त्या मोजण्यासाठी तर सगळं वाचणं.

ऐकायला इरप्पा तळवार असतो.
तीस वर्षं मढी फाडली त्यानं.
मराठी बोलतो, वाचता येत नाही.
कन्नड वाचतो, पण फक्त बसच्या पाट्या.
आणि लेखकाची चूक काढल्याशिवाय
त्याला चहा गोड लागत नाही.

"बर्फासारखा गार हात? कोण लिवलंय हे?
मढ्याचा हात तसा नसतोय की रे.
रातची भाकरी सकाळी हातात घेतल्यागत असतोय."
त्या दिवसापासून मी भाकरी गरम करून खातो.

"आणि हे काय, मढं उठून बसलं, किंचाळलं?
किंचाळत नाही. ढेकर देतंय नुसता.
बिचारं."

इरप्पा मढ्याला भीत नाही.
पालीला भितो.

परवा लोंढ्याजवळ रुळांकडेला सापडलेला एक जण आणला.
खिशात कंगवा, चुन्याची डबी, अर्धं तिकीट.
नाव नाही, गाव नाही.
साहेब म्हणाले, पेपरात द्यायला पाहिजे.
मग विचारात पडले,
कुठल्या भाषेतल्या?

त्या रात्रीची गोष्ट अशी होती :
एक माणूस मरतो
आणि स्वतःच्याच बाराव्याला येऊन पंगतीत बसतो.
कुणी ओळखत नाही. आग्रहही कुणी करत नाही.
बायको वाढत वाढत त्याच्या पानापर्यंत येते,
थांबते,
आणि आमटी ओतता ओतता पुटपुटते,
"आता तरी मीठ कमी म्हणू नका. मेलाय तुम्ही."

तेवढ्यात लाइट गेली.
मी हसलो.
इरप्पा हसला.
मग आणखी एक जण हसला.

भिंतीपलीकडून.
घसा बसल्यागत, जरा उशिरा,
पंगतीत शेवटी बसलेल्यापर्यंत
विनोद पोचायला लागतो तेवढा उशिरा.

मी हात मोजले. दोन.
इरप्पाचे चाचपून मोजले. दोन.
"पाल असेल," मी म्हणालो.
ही माझी चूक झाली.
इरप्पा खुर्चीवर उभा राहिला,
विटांच्या.

अंधारात मी हिशेब केला,
"म्हणजे मराठी येतंय त्याला. पेपरचं काम मिटलं."
वरून आवाज आला,
"कन्नडमध्ये पण असंच हसतात."

बराच वेळ आम्ही तिघंही गप्प.
मलप्रभेकडनं गार वारा आला, कुत्रं रडलं,
दारसुद्धा करकरलं,
पण ते इरप्पानं उघडलं म्हणून.
शवागाराचं दार. दोन बोटं फट ठेवली त्यानं,
परत येऊन बसला, पाय वर घेऊन.
"मुंद ओद," म्हणाला.

मी मोबाइलच्या उजेडात पान उलटलं.

"थांब की.
त्याला सुरुवात कुठं ठाऊक हाय?
पहिल्यापासून वाच.
आणि जरा मोठ्यानं."