मतदान केंद्र, धाकटा जुवा

आदल्या संध्याकाळच्या भरतीला निघालो.
चार कर्मचारी, एक पोलीस, आणि मशिनची पेटी
मेणकापडात गुंडाळून मांडीवर घेतलेली.
तर हाकणारा इनास फर्नांडिस, वय एकाहत्तर.
म्हणाला, "तरवाला मीच, मतदार पण मीच.
माका सकाळीच उरकूचा आसा."

मी कणकवलीच्या शाळेत भूगोल शिकवते.
चहूबाजूंनी पाण्याने वेढलेल्या भूभागास बेट म्हणतात
हे बावीस वर्षं फळ्यावर लिहीत आले.

इथली शाळा बंद पडून नऊ वर्षं झाली,
पण फळ्याच्या कोपऱ्यात खडू शिल्लक होता:
पट दोन, हजर एक.
त्याखाली टेबल लावलं. ते पुसायला कुणी सांगितलं नाही,
मीही नाही.

यादीत एकतीस नावं.
सात वाजता दार उघडलं तर नऊ माणसं उभी,
धुतलेल्या कपड्यांत, रांग नीट धरून,
जणू मागे अजून शंभर जण आहेत.
"मोंडकर शांताराम?"
"तो गेलो, गे बाय. चवथीच्या आधी."
"मोंडकर सुहास?"
"नालासोपाऱ्याक."
"मोंडकर प्रतीक्षा?"
"ती पण थयच."
नऊ जण मिळून बाविसांची हजेरी देत होते,
पत्त्यांसकट, कुणाला मूल होत नाही हेसुद्धा.

बुधाजी आडारकरांनी अंगठा टेकवला
आणि कागदावर फक्त काळा गोळा उमटला.
कालवं फोडून फोडून रेषा गेलेल्या.
पुन्हा घेतला, पुन्हा गोळा.
"असूंदे," ते म्हणाले, "गोळो पण माजोच."

सव्वाआठला आठ मतं झाली.
नववी, सत्यभामा कुबल, रांगेतून अलगद बाजूला झाली
आणि उंडीच्या झाडाखाली सूप घेऊन
सुकी सुंगटं निवडत बसली.
"आजी, या ना."
"येतंय."

दुपारी आठ घरांतून आठ टोप आले.
कुणाचंही जेवण घ्यायचं नाही असा नियम आहे.
मी तो वाचून दाखवला.
त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं,
भात वाढू की आधी पिठी?
दोन बायकांचं कढीवरून वाजलं,
कोकम कुणी जास्त घातलं यावरून,
आणि ते भांडण त्या इतक्या चवीने भांडत होत्या
की पोलिसाने मध्ये पडायचं टाळलं.
कुणी आमच्या मुलांची नावं विचारली, ती पाठ केली.
कुणी मोबाईलवर बोट ठेवून
नातू कसा दिसतो ते आणायला सांगितलं,
पण जुव्यावर रेंज नव्हती.

चार वाजले. पाच वाजले.
सूप केव्हाच निवडून झालं होतं,
ती निवडलेलीच सुंगटं परत निवडत होती.
शेवटी मी जाऊन तिच्याशेजारी बसले.
"आजी, मत द्यायचं नाहीये का?"
"द्यायचा आसा गो. पण मत दिलंय काय तुमी जातलात."
"आम्ही सहापर्यंत थांबतोच. नियमच आहे."
तिने माझ्याकडे पाहिलं.
नियमांचं काय होतं ते तिने दुपारी बघितलं होतं.

पाच पन्नासला उठली. पदर सारखा केला.
शाई लावताना बोट माझ्या हातात होतं,
खारट, मिठागराच्या वाफ्यासारखं चिरलेलं,
शाई भेगांतून पसरत गेली.
आडोशामागे ती खूप वेळ उभी राहिली.
मग मशिन वाजलं, लांबलचक,
आणि बाहेरचे आठ जण बोलायचे थांबले.

ओहोटी लागायच्या आत निघायचं होतं.
केंद्राध्यक्षाच्या डायरीत चोविसावा रकाना असतो:
मतदानादरम्यान काही विशेष घडल्यास.
तरीतच, गुडघ्यावर वही ठेवून लिहिलं,
निरंक.
इनासने वल्हं मारलं. अक्षर थोडं हललं.
धक्क्यावर आठ जण, मग सहा दिसत होते,
मग अंधारात मोजता येईनात.
"परत कधी?" इनासने विचारलं.
मी म्हटलं, पाच वर्षांनी.
तो हसला नाही, पाण्याकडे बघून म्हणाला,
"मग तर चालवूक कोणतरी बघूक होयो."