मिनिटाला चाळीस

पुण्याहून रात्रीच्या गाडीनं आलं,
थर्माकोलच्या खोक्यात, जुन्या पेपरात गुंडाळून.
कावळा नाक्यावर क्लीनरनं खोकं माझ्या हातात दिलं
नि विचारलं, "बांगडा काय वैनी?"
मासा नव्हे, म्हटलं. झाडही नव्हे.
पुढं सांगायला मलाच शब्द मिळेना.

दिगंबरच्या बोटात पोवळं आहे, गुजरीतलं,
मंगळासाठी सासूबाईंनी घालायला लावलेलं,
तांबडं, गुळगुळीत, दुधाच्या दाताएवढं.
ते मेलेलं असतं
हे मला इतकी वर्षं सुचलंच नव्हतं.

हे मात्र कलम.
कुणा मयेकरांनी आपल्याच टाकीतलं ब्लेडनं कापून दिलेलं.
अंगठ्याएवढ्या दगडावर नऊ तोंडं,
नऊच्या नऊ मिटलेली.

दिगंबर शिरोलीला फाउंड्रीत रस ओततो.
तिथं घाई हाच धर्म,
लोखंड निवायच्या आत साचा भरला पाहिजे.
म्हणून थांबायचं काम माझ्याकडं आलं.
मी सीपीआरमध्ये बावीस वर्षं थेंब मोजते आहे.

आधी पिशवी तशीच टाकीत तरंगत ठेवली,
वीस मिनिटं, दिवा बंद करून.
आतली ऊब बाहेरच्या उबेला मिळेपर्यंत
कुणी कुणाला काही विचारायचं नाही.
मग सलाईनचा सेट.
(वॉर्डातला नव्हे. दसरा चौकात विकत घेतला, पावती आहे.)
वर टाकी, खाली बादली, मधे नळी.
चाकी अंगठ्यानं सरकवत, घड्याळाकडं बघत
लावले मिनिटाला चाळीस.

"एवढं हळू? उजाडंल की गं."
उजाडू दे.
त्याच्या पाण्यात मीठ कमी, आपल्यात जास्त.
एकदम दिलं तर

वाक्य मी पुरं केलं नाही.
नोकरीच्या दुसऱ्या वर्षी गुऱ्हाळावरचा एक माणूस आला होता,
उलट्यांनी पिळून निघालेला, अंगातलं मीठ संपलेलं.
सर्जेराव. कमरेच्या पिशवीत तंबाखू.
डॉक्टरांनी लिहिलं होतं, मी लावलं. भरभर.
संध्याकाळी तो उठून बसला, चहा मागितला,
सगळे खूश.
चौथ्या दिवशी बोलायचा थांबला.
डोळे उघडे, सगळं समजत होतं त्याला,
फक्त बाहेर काही येत नव्हतं.
लिहिणारा हात माझा नव्हता.
चाकीवरचा अंगठा माझा होता.

दोनच्या सुमाराला लाईट गेली.
पंप थांबला, गल्ली थांबली,
इन्व्हर्टरनं एकदा कण्हून सोडून दिलं.
थेंबाला मात्र वीज लागत नाही.
टॉर्च तोंडात धरून मी मोजत राहिले,
अडतीस, एकोणचाळीस.
दिगंबर बॅटरीवरचा एअरपंप शोधत कपाटं उघडत होता
आणि शिव्या हळू आवाजात देत होता,
पेशंट झोपल्यासारखा.

पहाटे औषधाच्या तांबूस पाण्यात बुडवलं,
एक केसाएवढी अळी सुटून खाली पडली.
प्रवासाचं पाणी मोरीत ओतलं,
त्यातला एक थेंबही टाकीत जाऊ दिला नाही.
मग तळाशी, वाळूवर, कोपऱ्यात
जिथं उजेड सगळ्यात कमी.
वर न्यायचं ते दर आठवड्याला चार बोटं.

आणि मला नाईट लागली.
मी जाते तेव्हा दिवे मंदावतात,
येते तेव्हा लागलेले नसतात,
लागतात तेव्हा मी झोपलेली.
तीन दिवस मी नऊ मिटलेली तोंडंच बघितली.
चौथ्या दिवसाबद्दल घरात कुणाला काही बोलले नव्हते.

चौथ्या दिवशी दुपारी त्यानं मला हलवून उठवलं.
हाक मारली नाही.
केस तसेच, पदर तसाच, मी टाकीपुढं उकिडवी बसले.
पाच उघडी होती, हिरवी, कडेनं नारिंगी झालर.
सहावं अर्धवट, मन ठरत नसल्यासारखं.
तीन अजून बंद.

"त्ये बघ," तो म्हणाला,
आणि भाजल्याच्या डागांचा हात पुढं करून
पोवळ्याचं बोट
काचेला टेकायच्या आत थांबवलं.