पाचच मिनिटं

तिकोनेबाईंच्या संगणकावर एक टेकडी होती,
हिरवी, वर निळं आभाळ, पिंजलेले चार ढग.
"पुण्यातली शेवटची टेकडी," बाई म्हणायच्या,
"हिच्यावर अजून कुणाचा टॉवर आला नाही."

शनिपाराच्या मागे, झेरॉक्सच्या वर, दहा बाय बाराची खोली.
लग्नपत्रिका, दहाव्याचे कागद, मुंजीची आमंत्रणं,
आणि गेली सहा वर्षं
खांबेट्यांचा कुलवृत्तांत, चौदा पिढ्या, मुद्रितं तपासणं चालू.

मी तापकीर गल्लीतला. दुरुस्तीवाला.
दर दिवाळीला धूळ काढताना सांगायचो:
बाई, कंपनीनं हात वर केलेत.
आता भोक पडलं तर ठिगळ येणार नाही.
उलट, नव्या यंत्रांना ठिगळ लागलं
की जुन्यातलं तेच भोक कुठे आहे
ते गावभर जाहीर होतं.

बाई म्हणायच्या, माझी अक्षरं याच्यावरच उठतात.
खरं होतं. तो फॉन्ट दुसरीकडे नेला
की चि. सौ. कां. चं व्हायचं
डॉलर, कंस, उलटा प्रश्न, टोपीवाला ए.
फॉन्ट करणारे गृहस्थ कोथरूडला होते, वारले.
त्यांची निळी किल्ली यंत्राच्या पाठीत अजून खोचलेली.

मग तडजोड केली: नेट नाही.
केबलचं टोक खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलं
आणि बाईंनी पाटी लावली, साठ पॉइंट, ठळक:
"या यंत्रास बाहेरचे वारे लावू नये.
पेनड्राइव्ह चपलांशेजारी काढून ठेवावेत."

तीन वर्षं सगळ्यांनी पाळली.
मोडली मी.

नवा प्रिंटर आला होता, ड्रायव्हर मिळेना,
पत्रिका न्यायला नवऱ्या मुलाचा मामा जिन्यात उभा.
मी सुतळी सोडली. म्हटलं, पाचच मिनिटं.
प्रिंटर चालला. पत्रिका गेल्या. मामा खूश.
सुतळी होती तशी बांधली,
गाठसुद्धा तीच.

मंगळवारी सकाळी टेकडी नव्हती.
काळ्या पडद्यावर लाल इंग्रजी,
खाली उलटं चालणारं घड्याळ.
फाइलींची नावं जागच्या जागी, फक्त प्रत्येकीला
एक आडनाव चिकटलेलं, कुठल्याच घराण्यात नसलेलं.
उघडली की डॉलर, कंस, उलटा प्रश्न.
बाई चक्क हसल्या.
"अरे, फॉन्टचाच घोळ असेल. बघ ना."

बघितलं.
फॉन्टचा नव्हता.

"कुणाचा राग होता का रे आपल्यावर?"
नव्हता, बाई. त्यांना शनिपार ठाऊक नाही.
कुठलंसं यंत्र रात्रंदिवस
जगभरच्या कड्या हलवून बघत फिरतं,
सैल लागली की आत.
पाटी मराठीत होती.

केबलचं तेवढं बोललो नाही.
घरी जेवण गेलं नाही. बायकोला वाटलं ॲसिडिटी.

गुरुवारी सांगितलं. जिन्यातच, चपला न काढता.
बाई काही बोलल्या नाहीत.
गजाची सुतळी सोडवून तिचा गुंडाळा केला, खणात टाकला,
काहीच वाया घालवत नाहीत त्या.
कपाटातून मुद्रितांचा गठ्ठा काढला,
लाल पेन्सिलीच्या खुणा, सहाव्या पिढीपर्यंतच.
पुढच्या आठ पिढ्या काळ्या पडद्यामागे.

समोर माझ्या दुकानातलं नवं यंत्र, कुणाच्याही घरी वाचता येतील अशी अक्षरं,
आणि बाई पंचवीस वर्षांच्या बोटांनी
'वाऱ्या'तला अर्धा र शोधत होत्या.
सापडेना. मी दाखवला.
"बस," म्हणाल्या, "तू वाच, मी टाइप करते.
आणि दर पानाला नक्कल काढ. दर पानाला."

मी चष्मा पुसला. पान पहिलं.
मूळ पुरुष, नाव अज्ञात,
कोठून आले ते कळत नाही.