चार मतांनी

मोबाइलवर घुबडांची निवडणूक लागली
आणि गंगावेशीत दोन पार्ट्या पडल्या.
दस्तगीर शृंगीच्या बाजूनं,
"शिंगं बघ की, मिशीला पीळ दिल्यागत!"
मी गव्हाणीचा.
आमच्या गुळाच्या गोदामात, आढ्याला,
अकरा वर्षं ती बिनभाड्यानं राहते.

आत्तीनं जन्मात तिचं नाव घेतलं नाही,
'ते' म्हणायची, आणि मीठ-मोहऱ्या उतरायची.
परवा चष्मा पुसत म्हणाली,
"माझं पण एक टाक तिला.
उंदरं काय शृंगी येऊन खातंय?"

जिंकला पिंगळा. चार मतांनी.
त्याच्या बाजूनं पेठेत कोणी नव्हतंच.
दस्तगीरनं चहा पाजला, हरल्याबद्दल.

कुलूप लावताना
डोक्यावरून काहीतरी पांढरं सुटलं,
पंखाचा आवाज नाही,
रंकाळ्याकडं गेलं.

निकाल सांगायचा राहिलाच.