बावीस

दार ढकलून डेल्फिया आत आली
तेव्हा मी खिळे तोलत होतो.
सप्टेंबर. हिकरीची फळं मागच्या पत्र्यावर
रात्रभर टपटपत होती, झोप नव्हती.
अंगात बापाचा कोट, बाह्या दोनदा दुमडलेल्या.
म्हणाली, "खारीला कुठली?"

काचेवर तीन गोळ्या उभ्या केल्या.
ही सतरा. बाटलीसारखा गळा, सुईसारखं टोक.
लांबवर सरळ जाते, पण वाऱ्याशी हिचं पटत नाही
आणि आत शिरली की फुटते.
डोक्यात बसली तर ठीक.
ही मॅग्नम. चांगली आहे, महाग आहे,
कोल्ह्यासाठी राहू दे.
आणि ही.

ती हसली. "एवढीशी?"

एवढीशीच.
मी बारा वर्षांचा असताना भावाची हरणाची बंदूक,
तीस-तीस, गुपचूप उचलून नेली होती.
झाडाखाली जाऊन पाहिलं तर शेपटी होती,
बाकी केंटकीभर पसरलेलं.
आई काही बोलली नाही.
रात्री सगळ्यांना घेवडा आणि मक्याची भाकरी,
माझ्या ताटात शेपटी.

तेव्हापासून गिऱ्हाईक विचारतं, किती मोठी हवी,
आणि मी विचारतो, खाणार किती जणं?

"दोघं," डेल्फिया म्हणाली.

एस्टिलला सगळी दरी ओळखते.
अर्धा श्वास सोडायचा, उरलेला धरायचा,
मग बोट, असं त्यानंच शिकवलं आम्हाला.
तीस वर्षं खाणीत गेली.
आता धरायला उरलेला श्वासच नाही.
ओसरीवर बसतो, नाकात नळी,
बंदूक भिंतीवर, तेल मात्र दर रविवारी.

"बाबा म्हणतात, चाळीस पावलांच्या पुढे मारू नकोस.
म्हणतात, दिसेल ती नाही, बसेल ती."
मग सुटी नाणी काढली,
लॉन्ड्रीतल्या यंत्रांत टाकतात तसली,
पन्नासची एक डबी घेतली.
दोन घे म्हटलं, उधार.
नको म्हणाली. दोन असल्या की हात सैल सुटतो.

शनिवारी उजाडायच्या आत दुकान उघडलं.
खरं तर काही काम नव्हतं.
धुकं ओढ्यावरून अजून उठलं नव्हतं
आणि वरच्या रानातून आवाज आला,
वाळकी काटकी गुडघ्यावर मोडावी तेवढा.

एस्टिल सांगतो, एक आवाज आला की तो पातेलं चढवतो.
दोन आले की थांबतो.

मी खिळे मूठभर हातात घेऊन उभा.
ओढ्यापलीकडे कुणाचं तरी कुत्रं भुंकलं, गप्प झालं.
पत्र्यावर एक फळ पडलं आणि मी दचकलो,
मोजलं, मग वजा केलं.

खिळे किती झाले होते
ते मात्र पुन्हा पहिल्यापासून.