तीनशे येनची टोपली

आधी हात शेक, हीटरपाशी ये.
हाकोदातेच्या थंडीत बोटं आखडली
की माणूस भलतंच बटण दाबतो
आणि भलताच गेम विकत घेतो.

किती आहेत? पंधराशे?
पुष्कळ झाले.
त्या काचेच्या कपाटाकडे बघूच नकोस.
तिथले कोरे, आठ-आठ हजारांचे.
नव्याची नवलाई नऊ दिवस,
दहाव्या दिवशी तेच येतात माझ्या टोपलीत,
कव्हरावर कुणाच्या तरी कपाचा गोल डाग घेऊन.
दुकान माझंच आहे, भाडंही थकलंय,
तरी सांगते.

हा घे. ‘मिठाचा डोंगर’. चारशे.
नाव नीरस, चित्र त्याहून नीरस,
आला तेव्हा कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.
एक बाई गाढव घेऊन डोंगर चढते, एवढंच.
पण तिसऱ्या रात्री गाढव थांबतं.
का थांबतं, कुठेच लिहिलेलं नाही.
रात्रपाळीच्या नर्स, चिगुसा-सान,
तिथे अडकून पडल्या आठवडाभर.
मग एका सकाळी, डोळे तांबारलेले, म्हणाल्या,
तोयोमी-सान, मी काहीच केलं नाही,
नुसती शेजारी बसून राहिले.
तेव्हा ते चाललं.

हा नको, ठेव.
गाड्या पळतात, झकास पळतात,
पण चार तासांत रस्ते संपतात
आणि पुढचे रस्ते वेगळ्या पैशांनी विकतो मेला.

हा दोनशेचा. डिस्कवर ओरखडा आहे, लपवत नाही.
पाचव्या दालनात आवाज खरखरतो क्षणभर.
मला तर वाटतं, तिथे खरखरच हवी होती.

मासेमारीचा?
थांब, त्याचं सांगते.
हिसानोरी-सान, धक्क्यावरचे.
चाळीस वर्षं रात्री दिवे लावून माकूळ धरले.
आता माकूळच फिरकत नाहीत इकडे.
होडी गेली, मग दिवे गेले,
मग एका दुपारी इथे उभे, टोपी हातात,
माझ्याकडे न बघता
तीनशेचा हा गेम काउंटरवर ठेवला.
पाचव्या दिवशी हजर.
म्हणाले, मासा फार लवकर लागतो.
वारा दिसतो, पण कानाला झोंबत नाही.
दोरीला वजन नाही.
म्हटलं, पैसे परत देते.
म्हणाले, नको, नको.
जुना कंट्रोलर आहे का एखादा?
बायको म्हणते, तिलाही बसायचंय.

ही कार्ट्रिजं पन्नास-पन्नासची.
उलटी करून बघ, मार्करने नावं आहेत.
ओकादा, इयत्ता तिसरी.
आईनं लिहून दिलं असेल, हरवू नये म्हणून.
तो ओकादा आता पन्नाशीला टेकला असेल.
कुणीतरी घर रिकामं करताना
मिक्सर, छत्र्या आणि हे, एकाच खोक्यात आणून टाकलं.
दुसरे दुकानदार स्पिरिटनं नाव पुसतात,
चांगली किंमत येते म्हणे.
मी नाही पुसत.
आतला सेल अजून जिवंत आहे,
लावून बघितलं मी:
ओकादा अर्ध्या पुलावर उभा आहे,
खिशात सात नाणी, एक मेणबत्ती.
पहिल्या रकान्यात तो आहे.
तुझा डाव दुसऱ्यात सुरू कर,
जागा आहे.

तर चारशे, दोनशे, पन्नास.
साडेसहाशे.
उरलेल्यात ट्राम, कोपऱ्यावरचा गरम पाव,
आणि तरीही उद्या परत येण्यापुरते उरतील.
बिल नीट ठेव. नाही आवडला तर आण,
मी वाद घालीन, पण घेईन.

आणि हे बघ, गाढवापाशी पोचलास की...
अरे देवा.
ते तर मी मघाशीच सांगून टाकलं.
सहाशेच दे.